नावेवरचा रजेचा अर्ज

शिडाच्या नावेवर राहायचं आणि मैत्रिणींबरोबर बेटाबेटांवरून फिरायचं, हे ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. राहणाऱ्याच्या मात्र ते नाकातोंडात जातं. पाढेबाईंना हे कळायला दोन महिने लागले. कळलं तेव्हा त्या नावेच्या पोटात आडव्या पडून नाकापासून वीतभर अंतरावरच्या फळीकडे बघत होत्या. फळीच्या वर मोठ्या बाई झोपल्या होत्या. म्हणजे शाळेत होतं तेच. शाळेतही वरच्या मजल्यावर मोठ्या बाईंचं ऑफिस आणि बरोबर त्याखाली पाढेबाईंचा दुसरीचा वर्ग. वर खुर्ची सरकली की खाली सगळा वर्ग आपोआप ताठ बसायचा. पाढेबाई सगळ्यांत ताठ.

चौघी एकाच शाळेतल्या. मोठ्या बाई मुख्याध्यापिका. पाढेबाई गणिताच्या, हे नाव मुलांनीच ठेवलेलं, आणि त्यांनी ते हसत हसत अंगाला लावून घेतलेलं. तिसरी चित्रकला. तिचा विषय हेच तिचं नाव झालं होतं, आणि शाळेत कोणाशीही अगं-तुगं करणारी ती एकटीच. चौथ्या मावशी. घंटा देणं, वर्ग झाडणं, चहा करणं आणि पडलेल्या मुलांच्या गुडघ्यांना औषध लावणं, ही सगळी खाती त्यांच्याकडे. चौघी दीड वर्षाच्या आत मागेपुढे निवृत्त झाल्या, आणि मोठ्या बाईंना घर खायला उठलं. त्यांनी नाव चालवण्यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, एकसष्टाव्या वर्षी परीक्षा दिली, पहिल्या आल्या आणि तिघींना बोलावून सांगितलं, "आपण निघतोय."

'येता का?' असं त्यांनी विचारलं नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी कोणाला काही विचारलेलं पाढेबाईंना आठवत नव्हतं.

तर नाव म्हणजे काय, शाळाच. केबिनच्या दारावर वेळापत्रक चिकटवलेलं. साडेसहाला हजेरी. सातला हवामान, म्हणजे रेडिओवरच्या बातम्या मोठ्या बाईंनी वहीत उतरवायच्या आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. मग शीड, मग दोरांच्या गाठी, मग स्वच्छता. गोडं पाणी माणशी तीन तांबे. संडासाचा पंप वीस वेळा दाबायचा, एकोणीस वेळा दाबला तर वरून आवाज यायचा, "एक राहिला." नावेवर भिंतींना कान नसतात, कारण भिंतीच नसतात. रडू आलं तरी पंप दाबता दाबता रडावं लागायचं.

आणि यातली खरी गंमत अशी, की चौघींत नाव समजत होती ती एकट्या मावशींना. त्यांचे वडील होडीवाले. चालायच्या आधी त्या पोहायला शिकल्या होत्या. पण शिपायाला कप्तान कोण करणार? तेव्हा व्हायचं असं, की वारा फिरला की मावशी चहाचा कप देता देता मोठ्या बाईंच्या कानाशी हळूच म्हणायच्या, "बाबा असल्या वाऱ्यात शीड थोडं उतरवायचे, बाई." आणि दोन मिनिटांनी मोठ्या बाई उभ्या राहून खणखणीत आवाजात हुकूम सोडायच्या, "शीड थोडं उतरवा!" पुस्तकाचं पान उघडं असायचंच हातात. चित्रकला पाढेबाईंना डोळा मारायची. मावशी मान खाली घालून कप विसळायच्या.

एवढंच असतं तर पाढेबाईंनी सोसलं असतं. सोसायची त्यांना सवय होती. पण तीन बेटांमागे एक गोष्ट घडली होती.

तिथे सुकाणूची एक खीळ मोडली आणि नवी येईपर्यंत नऊ दिवस धक्क्याला बांधून पडावं लागलं. धक्क्यावरच्या कारकुनाची बहीण जाळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवायची. शिक्षिका सोडून गेली होती, नवी यायची होती, आणि बहिणीला स्वतःला आकडे यथातथाच येत होते. अकरा मुलं. पाढेबाई पहिल्या दिवशी सहज डोकावल्या, दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवसापासून नावेवर फक्त झोपायला येऊ लागल्या. त्यांनी मुलांकडून काड्या गोळा करवल्या, दहादहाच्या जुड्या बांधवल्या आणि हातच्याची बेरीज शिकवली. मुलं पटकन शिकली. मग वजाबाकी घेतली. बावन्नातून सत्तावीस. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारच्या घरातली एक जुडी सोडायची, इतकं सांगून झालं आणि एका चिमुरडीने जुडी छातीशी धरून विचारलं, "सोडली तर परत कशी बांधली जाणार?"

प्रश्न भारी होता. उत्तर द्यायला त्या खाली बसल्या, तेवढ्यात धक्क्यावरून मोठ्या बाईंची शिट्टी ऐकू आली. खीळ आली होती. भरती उतरायच्या आत निघायचं होतं.

"उद्या सांगते हं," पाढेबाई म्हणाल्या. सवयीने तोंडातून गेलं ते. रोज तास संपला की त्या तसंच म्हणायच्या.

त्या 'उद्या'ला आता सव्वीस दिवस झाले होते.

आजच्या बंदरात नाव आली ती सकाळी. धक्क्यापासून दूर, पाण्यावर तरंगणाऱ्या एका लाल पिंपाला दोर बांधून ती उभी केली होती. चित्रकला आणि मावशी छोट्या होडीने भाजीला जाऊन आल्या आणि बटाट्यांबरोबर पाढेबाईंच्या नावाचं एक पत्र घेऊन आल्या. कारकुनाचं होतं. अक्षर किरटं, मजकूर थोडका. 'नवीन शिक्षिका आलेली नाही. मुले रोज येऊन बसतात. जुड्या कोणालाही सोडू देत नाहीत, बाई येऊन सोडतील म्हणतात. शेडला लागून एक खोली आहे, खाट आहे. हे पत्र आणणारी टपालबोट दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या बंदरातून सुटून इकडे परत येते. यानंतर वारे बदलतात, तीन महिने बोट नाही.'

पाढेबाईंनी पत्र तीनदा वाचलं. मग त्या उठल्या आणि डोकं वरच्या फळीवर आपटलं.

"लागलं का गं?" चित्रकलेने विचारलं.

"मी जाणार आहे," पाढेबाई डोकं चोळत म्हणाल्या.

"संडासात आत्ता मावशी आहेत."

"तिकडे नाही. त्या बेटावर. उद्याच्या टपालबोटीने."

चित्रकलेने हातातला बटाटा खाली ठेवला. "मोठ्या बाईंना सांगितलंस?"

इथेच तर घोडं अडत होतं. बावीस वर्षांत पाढेबाईंनी मोठ्या बाईंना एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्यांनी दोन दिवस मागितले होते; मिळाली अर्धी रजा. अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या आत त्या परत वर्गावर हजर झाल्या. बहीण अजून ते काढते. आणि गंमत म्हणजे कोणी जबरदस्ती केली नव्हती. मोठ्या बाई नुसत्या म्हणाल्या होत्या, "बघा, मुलांचं नुकसान होणार नाही असं बघा." एवढ्यावर पाढेबाई धावत सुटल्या होत्या.

"तोंडी नको सांगू," चित्रकला म्हणाली. "तोंडी सांगायला गेलीस की तू शेवटी त्यांच्यासाठी चहा ठेवून परत येशील. लेखी दे."

म्हणून पाढेबाईंनी अर्ज लिहिला. दुसरं काय करतात माणसं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वहीतलं पान फाडून, समास आखून त्यांनी लिहिलं: 'माननीय कप्तान यांस, विषय: उद्यापासून नाव सोडण्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती की...' आणि कारण म्हणून लिहिलं, 'एक पाठ अर्धवट राहिला आहे.'

मोठ्या बाई वर सुकाणूपाशी पुस्तक वाचत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून अर्ज वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात काहीतरी लिहून कागद परत दिला. पाढेबाई खाली आल्या. तिघींनी डोकी जुळवून वाचलं. 'कारण सविस्तर लिहावे. पर्यायी व्यवस्था नमूद करावी.'

"म्हणजे तुमचा तास कोण घेणार," मावशींनी समजावलं. शाळेत त्यांनी असे शेकडो अर्ज वरून खाली आणि खालून वर पोचवले होते.

पाढेबाईंचा तास म्हणजे पुढच्या शिडाचा डावा दोर. नाव वळली की तो ओढायचा आणि खुंटीला गुंडाळायचा. उजवा चित्रकलेकडे. मागचं मोठं शीड मावशींकडे, सुकाणू मोठ्या बाईंकडे. पुस्तकात एवढ्या नावेला चार माणसं सांगितली होती, आणि पुस्तकात आहे म्हटल्यावर चार.

"दोन्ही दोर मी ओढीन," चित्रकला म्हणाली. "त्यात काय मोठंसं! पण मोठ्या बाईंसमोर मला हे बोलायला लावू नकोस. माझी पाचावर धारण बसते."

"तुझी? तू तर इन्स्पेक्टरसाहेबांनाही टक्कल रंगवून देते म्हणाली होतीस."

"इन्स्पेक्टर वेगळा. तो वर्षातून एकदा यायचा."

पाढेबाईंनी मावशींकडे बघितलं. मावशी बटाटे सोलत होत्या. साल तुटत नव्हती, लांबच लांब वेटोळं होत खाली उतरत होती.

"मावशी, तिघींत नाव चालेल ना हो?"

"मोठ्या बाई चार म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी कुठे काय म्हणते, बाई?" मावशी म्हणाल्या आणि दुसरा बटाटा घेतला.

दुपारी सुधारलेला अर्ज घेऊन पाढेबाई पुन्हा वर गेल्या. ऊन चढलं होतं. समोर, पाण्याच्या पलीकडे अर्ध्या मैलावर लांब धक्का दिसत होता आणि त्याला टेकून उभी असलेली पांढरी टपालबोट. तिच्यात पोती चढवत होते. इतकी जवळ, की पोत्यावर बसलेला माणूस कान खाजवतो आहे तेही दिसावं. पण मधे पाणी. छोटी होडी होती. तिची वल्ही मोठ्या बाईंच्या बाकाखाली कुलपात, आणि एकटीने किनाऱ्यावर जायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी चौघींनी हात वर करून मंजूर केलेला. पाढेबाईंनी सगळ्यांत आधी हात वर केला होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे तर चारी बाजूंनी नुसतं पाणी, आणि त्यात चार बायका, एक शिट्टी आणि एक वेळापत्रक.

मोठ्या बाईंनी अर्ज वाचला आणि या वेळी लाल पेन काढलं नाही.

"बसा," त्या म्हणाल्या.

पाढेबाई बसल्या.

"तुम्ही निवृत्त झालात, बाई. मीही झाले. ती अकरा मुलं आपली नाहीत."

"नाहीत, पण..."

"नवीन शिक्षिका येईल. आज ना उद्या येईलच. तुम्ही तिथे जाऊन काय, जन्मभर राहणार? आणि इथे? माझ्या या तीन बायका आहेत म्हणून मी..." त्या थांबल्या. समुद्राकडे बघून पुन्हा सुरुवात केली तेव्हा आवाज ऑफिसमधला झाला होता. "चौघींशिवाय नाव हलत नाही. तुम्ही गेलात की ही नाव इथेच त्या पिंपाला बांधलेली राहणार. तिघींचं नुकसान करून तुम्हाला जायचं असेल, तर विचार करा. मी अडवत नाही."

अडवत नाही म्हणतच त्या अडवायच्या. हे सगळं खरंच आपल्यामुळे थांबणार की काय, असं पाढेबाईंना वाटू लागलं. तेवढ्यात मावशी चहा घेऊन वर आल्या, आणि मोठ्या बाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच सांगा यांना. तिघींत चालणार आहे का ही नाव? नाही चालणार ना?"

पाढेबाईंनी मान वर केली. मावशींचा हात कपावर होता. कप बशीत किंचित वाजला.

"नाही चालणार, बाई," मावशी म्हणाल्या.

संपलं. दार लागल्याचा आवाज जसा येतो, तसं काहीतरी पाढेबाईंना आत ऐकू आलं. त्यांनी चहा घेतला, आभार मानले आणि कप खाली नेऊन स्वतः विसळला. मावशींकडे त्यांनी दिवसभर बघितलं नाही. मावशींनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. चित्रकलेने एकदोन विनोद करून पाहिले, पण ते चुलीतल्या ओल्या लाकडासारखे नुसते धुमसले.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली, हवामान झालं. वारा हलका, बाजूने येणारा. मोठ्या बाईंना रात्री नीट झोप लागली नसावी. डोळ्यांखाली काळं होतं. पण त्यांनी जाहीर केलं, की अर्ज हा विषय लेखी आला आहे, तेव्हा त्याचा निर्णयही रीतसर व्हायला हवा. दहा वाजता केबिनमध्ये सभा. विषय एकच.

आता सभा म्हटली की तिची एक रीत होती, आणि ती शाळेतून जशीच्या तशी नावेवर आली होती. सभेला बाई बसतात. मावशी बसत नाहीत. मावशी बाहेर थांबतात, कोणी आलं तर सांगतात आणि मधे एकदा चहा आणतात. बाहेर म्हणजे इथे वर, उघड्यावर. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं; मावशींनासुद्धा नाही. मोठ्या बाई शिडी उतरल्या, केबिनचं दार ओढून घेतलं आणि टेबलाच्या टोकाला बसल्या. पाढेबाई आणि चित्रकला आमनेसामने. चित्रकलेपुढे इतिवृत्ताची वही.

"लिहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "विषय क्रमांक एक."

"दोन असता तर बरं झालं असतं," चित्रकला पुटपुटली, पण लिहिलं.

मोठ्या बाई बोलू लागल्या. सावकाश, मुद्देसूद, प्रेमळसुद्धा. पाढेबाईंचा बावीस वर्षांचा काटेकोरपणा. नावेवरचं त्यांचं मोलाचं योगदान. समुद्रावरची जबाबदारी. पाढेबाई ऐकत होत्या आणि टेबलाच्या लाकडातली रेघ बघत होत्या. केबिनमध्ये कोंदट वाटत होतं. वर मावशींची पावलं वाजत होती, पुढे, मागे, पुन्हा पुढे. बादली सरकल्यासारखा आवाज आला, दोर घासल्यासारखा आवाज आला. त्या रोज धूतच असायच्या. घड्याळात साडेदहा झाले. टपालबोट बाराला.

"तेव्हा ठराव असा," मोठ्या बाई म्हणाल्या, "की पाढेबाईंनी प्रवास पूर्ण होईपर्यंत नावेवर राहण्याचं मान्य केलं आहे. सर्वानुमते. हात वर करा."

मोठ्या बाईंचा हात वर गेला. चित्रकलेने पेन खाली ठेवलं, पाढेबाईंकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला. तिच्यासाठी हे फार झालं.

आणि पाढेबाईंचा हात? सांगायला लाज वाटावी, पण तो वर निघाला होता. त्यांना जायचं होतं, खरोखर जायचं होतं, अकरा मुलं डोळ्यांपुढे होती. आणि तरी 'हात वर करा' हे शब्द ऐकल्याबरोबर कोपर टेबलावरून सुटलं आणि हात आपला आपण वर चालला. तो परका असल्यासारखा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो खांद्यापर्यंत आला असेल, तेवढ्यात चित्रकलेचं पेन घरंगळू लागलं.

ते आधी हळू, मग भराभर टेबलावरून डावीकडे गेलं आणि खाली पडलं. मागोमाग मोठ्या बाईंचा चष्म्याचा डबा सरकला.

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. बांधलेली नाव डुलते. अशी एका बाजूला कलत नाही. आणि लाकडाच्या बाहेरून, त्यांच्या पाठीशी, पाणी धावत असल्याचा बारीक खळखळाट येत होता.

मोठ्या बाई या वयात इतक्या चपळाईने शिडी चढलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. मागे दोघी.

वर पुढचं शीड पोटभर वारा पिऊन फुगलं होतं. लाल पिंप खूप मागे राहिलं होतं, आणि टपालबोटीचा धक्का समोरून जवळ येत होता. आणि सुकाणूपाशी, मोठ्या बाईंच्या जागेवर, मावशी बसल्या होत्या. साडीचा काष्टा मारलेला, एका हातात डावा दोर, उजवा खुंटीला गुंडाळलेला, आणि सुकाणूच्या दांड्याला उजव्या पायाची टाच लावलेली. दुसऱ्या हाताने त्या डोळ्यांवर ऊन अडवत होत्या.

"मावशी!" मोठ्या बाईंचा आवाज चिरकला. "कोणाच्या परवानगीने?"

"परवानगी नाही घेतली, बाई."

"दोर कोणी सोडला?"

"मीच."

"शीड?"

"तेही मीच. डोकं जरा खाली घ्या, वळवते." मावशींनी टाच किंचित ढकलली. नाव एका मच्छीमार होडीच्या बाजूने, हात लांबवला तर शिवता येईल इतक्या अंतरावरून, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. होडीतला माणूस म्हातारा होता. त्याने मावशींकडे बघितलं आणि बोटं कपाळाला लावली. मावशींनी मान हलवली. त्या दोघांत काहीतरी बोलणं झालं, पण ते नावेवरच्या कुणाला समजणारं नव्हतं.

"काल तुम्ही म्हणालात तिघींत चालत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या.

"काल विचारलंतही तुम्ही आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, बाई. मी त्याला मान डोलावली. बावीस वर्षं तेवढंच काम होतं माझं." मावशी हे रागाने बोलल्या नाहीत. भाजी निवडताना बोलावं तसं बोलल्या. "पण रात्रभर मला ते लागलं. खोटं बोलले मी. नावेबद्दल खोटं बोललेलं बाबांना चाललं नसतं."

मोठ्या बाई उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या, कप्तानाच्या जागेवर नाही, तर कडेच्या बाकावर, जिथे एरवी पाढेबाई दोर धरून बसायच्या. त्यांनी शिडाकडे बघितलं, मावशींच्या पायाकडे बघितलं, मग चित्रकलेकडे, पाढेबाईंकडे. पाढेबाईंना दिसलं, की त्या मनातल्या मनात मोजताहेत. चार लागत नाहीत. तीनही लागत नाहीत. एक पुरते, आणि ती एक आपण नाही. पाढेबाईंना वाटलं, पुढे जाऊन म्हणावं, की राहते मी बाई, राहते. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा. दार उघडं असलं तरी पायांना उंबरठ्याची सवय असते.

तरी पाढेबाई खाली गेल्या आणि पिशवी भरू लागल्या. दोन साड्या, शाल, औषधं, खडूंचा डबा. घाईत चेन लागेना. शिडीवर सावली पडली. मोठ्या बाई वाकून आत बघत होत्या. शिडी एकच, वाट एकच, आणि त्या वाटेत त्या.

"जाणार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

हा प्रश्न होता. पाढेबाईंना आधी ते कळलंच नाही. त्या वाक्याच्या पुढच्या भागाची वाट बघत राहिल्या, 'तिघींचं नुकसान' किंवा 'विचार करा' असं काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही.

"हो, बाई," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "जाणार."

"कोणतं प्रकरण राहिलंय?"

"हातच्याची वजाबाकी."

वर शिडाची फडफड ऐकू आली. नाव वाऱ्याकडे तोंड करून धीमी होत होती. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "तीन आकडी संख्येत मधे शून्य आलं की मुलं अडतात. शेजारी मागायला जातात तर शेजाऱ्याकडेही काही नसतं. तिथे घाई करू नका. पलीकडच्या घरापर्यंत त्यांना चालत नेऊन आणा."

"नेते, बाई."

मोठ्या बाई शिडीवरून बाजूला झाल्या.

नाव धक्क्याला टेकली ती कप बशीत ठेवावा तशी. चित्रकलेने उडी मारून दोर बांधायचा प्रयत्न केला आणि धक्क्याच्या बुडालेल्या पायरीवर चपलेसह गुडघाभर पाण्यात गेली; टपालबोटीवरचे हमाल हसले, तिनेही त्यांना हात जोडून दाखवले. पाढेबाईंना मिठी मारताना ती म्हणाली, "मला विसरलीस तर त्या शेडच्या भिंतीवर येऊन तुझं चित्र काढीन. नाकासकट."

मावशींपाशी पाढेबाई थांबल्या. काल दिवसभर आपण त्यांच्याकडे बघितलं नाही हे आठवून त्यांचे कान तापले.

"मावशी, मी काल..."

"बोट सुटेल, बाई," मावशी म्हणाल्या आणि त्यांची पिशवी स्वतः उचलून धक्क्यावर ठेवली. "डबीत तेल दिलंय, गुडघ्यांना. आणि मुलांनाही लागेल. पडतातच."

टपालबोट बाराला सुटली. तिच्या कठड्याला धरून पाढेबाई उभ्या राहिल्या. सभोवती पोती, कोंबड्यांच्या टोपल्या आणि पाय पसरून बसलेली अनोळखी माणसं. कोणी त्यांची हजेरी घेणारं नव्हतं, आणि तरी त्यांना सारखं वाटत होतं, की आपण न सांगता कुठेतरी आलोय. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. वाटेल कदाचित, दोन दिवसांनी.

नावही धक्क्यापासून सुटत होती. अंतर अजून थोडं होतं, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. मावशी सुकाणूपाशी. चित्रकला उजव्या दोराला, ओली साडी पिळत. आणि मोठ्या बाई मधोमध, रिकाम्या हातांनी. पुस्तक कुठे दिसत नव्हतं. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, शाळेच्या पहिल्या दिवशी कोणत्या बाकावर बसायचं ते न कळलेल्या मुलासारख्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मी काय धरू?"

मावशींनी डावा दोर त्यांच्या हातात दिला. "हा धरा, बाई. दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडू नका."

मोठ्या बाईंनी दोर धरला. शीड भरलं, दोर ताणला गेला, आणि त्यांनी पाय रोवून तो आणखी घट्ट धरला. पाढेबाईंनी बोटीवरून हात हलवला. चित्रकलेने दोन्ही हात हलवले. मोठ्या बाईंनी बोटीच्या दिशेने मान वळवली, पाढेबाईंकडे नीट बघितलं, पण हात हलवला नाही. मावशींनी अजून सोडा म्हटलं नव्हतं.